आजीवन मानकरी : कोणाच्या आयुष्यापुरते?

जुन्या सनदांतून इनाम ‘वंशपरंपरेने’ चालविण्याचा शब्द दिलेला असे. शब्द मोठा होता; परंतु राज्य बदलले आणि १८५२ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनाम कमिशन दप्तरे तपासावयास बसले, तेव्हा त्या मोठ्या शब्दाची खरी किंमत अनेक घराण्यांना कळून चुकली. देणाऱ्याची इच्छा आणि सत्ता असेपर्यंतच देणगी टिकते, हा तो धडा होता. आज विमानकंपन्या आपल्या नेहमीच्या प्रवाशांना ‘आजीवन’ मानाचा दर्जा बहाल करतात. हा दर्जा मिळविण्यासाठी माणसे आयुष्याची वीस-वीस वर्षे खर्ची घालतात. म्हणूनच या नव्या सनदेचाही मजकूर नीट वाचून पाहणे अगत्याचे आहे.

या प्रथेचा उगम अमेरिकेतला. १९७८ पर्यंत तेथील विमानमार्ग आणि भाडी सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षीच्या कायद्याने हे नियंत्रण उठविले आणि कंपन्यांमध्ये स्पर्धा जुंपली. गिऱ्हाईक टिकवावे कसे, या विवंचनेतून मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाचे मैल मोजून त्या बदल्यात फुकट तिकिटे देणारी योजना काढली. काही दिवसांतच युनायटेडने तिचे अनुकरण केले. पुढे या योजनांत पायऱ्या आल्या. वर्षभरात ठराविक प्रवास करणारा रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा श्रेणी चढतो. मात्र नवे वर्ष उजाडले, की पाटी कोरी होते. या दरसालच्या धावपळीतून कायमची सुटका म्हणजे आजीवन दर्जा. अमेरिकन एअरलाइन्समध्ये दहा लाख मैलांना ‘गोल्ड’ आणि वीस लाखांना ‘प्लॅटिनम’. युनायटेडमध्ये दहा लाखांना ‘गोल्ड’ आणि त्यापुढे चाळीस लाखांपर्यंत चढत्या श्रेणी, असा हा हिशेब आहे.

दहा लाख मैल म्हणजे किती? पृथ्वीपासून चंद्रापर्यंत दोनदा जाऊन दोनदा परत येण्याइतके. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ७,८०० मैलांचे. त्या हिशेबाने चौसष्ट वेळा जाणे-येणे करावे लागेल. एका फेरीला सरासरी पंधरा तास धरले, तर जवळजवळ ऐंशी अहोरात्र केवळ विमानाच्या खुर्चीत काढावे लागतील; विमानतळावरील रांगा आणि खोळंबे निराळेच. इतका प्रवास स्वतःच्या खर्चाने करणारा विरळा. तिकिटाचे पैसे बहुधा मालक भरतो, मान मात्र नोकराच्या नावावर जमा होतो. साहजिकच स्वस्त तिकीट सोडून ‘आपल्या’ कंपनीचे महाग तिकीट घेण्याचा मोह त्याला होतो. किंबहुना हा मोह निर्माण करणे हाच योजनेचा हेतू आहे. सरकारी कामाच्या प्रवासात मिळालेले मैल खाजगीत वापरल्याच्या प्रकरणावरून २००२ मध्ये जर्मनीत ग्रेगोर गीझी यांना बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

एवढ्या खटाटोपाने हाती काय पडते? विमानात आधी चढण्याची मुभा, सामानाच्या शुल्कात सवलत, बरीशी जागा, परदेशप्रवासात विश्रामकक्षाचे दार उघडणे. रोज प्रवास करणाऱ्याला या सोयी मोलाच्या आहेत, यात शंका नाही. परंतु आजीवन दर्जाची गंमत अशी, की तो बहुधा नोकरीच्या उत्तरार्धात हाती येतो, म्हणजे पुढचा प्रवास कमी होण्याच्या सुमारास. ज्या वर्षांत त्याचा खरा उपयोग होता, त्या वर्षांत वार्षिक दर्जा मिळतच होता. निवृत्तीनंतर वर्षातून एकदा मुलीकडे जाणाऱ्या गृहस्थाला दोन वेळा पुढच्या रांगेत उभे राहावयास मिळेल, एवढेच त्याचे मोल. उरतो तो अभिमान. आणि अभिमानाची किंमत ज्याची त्याने ठरवावी.

याहून गंभीर प्रश्न वचनाचा आहे. १९८१ मध्येच अमेरिकन एअरलाइन्सने अडीच लाख डॉलर एकरकमी घेऊन पहिल्या वर्गाचा अमर्याद प्रवास देणारा आजन्म पास विकावयास काढला होता. काहींनी तो इतका वापरला, की कंपनीला तो जड झाला. २००८ मध्ये गैरवापराचा ठपका ठेवून काही पास रद्द करण्यात आले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. ही तर रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू! नुसत्या मैलांवर मिळविलेल्या मानाचे काय? युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल यांच्या विलीनीकरणानंतर २०१२ मध्ये श्रेणींची फेरमांडणी झाली आणि दहा लाख मैल पुऱ्या केलेल्यांच्या सवलती घटल्या. एका प्रवाशाने दावा लावला. डिसेंबर २०१४ मध्ये शिकागो येथील संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. कारण नियम बदलण्याचा अधिकार तिने नियमांतच राखून ठेवला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण तर अधिकच बोलके आहे. फार तक्रारी करतो म्हणून नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने एका ज्यू धर्मगुरूचा प्लॅटिनम दर्जा काढून घेतला होता. सद्भावनेने वागण्याचे जे कर्तव्य करारात गृहीत धरले जाते, त्याचा त्याने आधार घेतला; परंतु १९७८ च्याच कायद्याचा आधार घेऊन न्यायालयाने एकमताने तो दावा फेटाळला. योजना पटत नसेल, तर प्रवाशाला दुसऱ्या कंपनीची योजना खुली आहे, असाही विचार त्या निकालात मांडलेला आहे. निष्ठेचे बक्षीस मागावयास गेलेल्याला मिळालेला हा सल्ला!

शिवाय ‘आजीवन’ म्हणजे कोणाच्या आयुष्यापुरते? पॅन अ‍ॅमसारखी बलाढ्य कंपनी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली; टीडब्ल्यूए २००१ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर असल्याने नवे नाव घेऊन तगली. परंतु ज्या विमानात मान मिळावयाचा, ते विमानच उरले नाही.

कंपन्यांच्या लेखी मात्र या निष्ठेची किंमत चोख आहे. बँका आपल्या क्रेडिट कार्डधारकांना वाटण्यासाठी मैल घाऊक विकत घेतात, आणि तोच मोठा उत्पन्नाचा झरा आहे. २०२० च्या साथीत विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले. त्या वेळी योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर धरले गेले. खुद्द कंपनीच्या सर्व समभागांचे तेव्हाचे बाजारमूल्य त्याहून पुष्कळच कमी होते. प्रवाशाची निष्ठा ही कंपनीची मालमत्ता आहे. प्रवाशाला त्यावर तारण मागता येत नाही.

येथे भारतातील एका निकालाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मालकाची मर्जी वा कृपा नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. दोन्हीकडे शब्द ‘आजन्म’ हाच. परंतु एकामागे न्यायालयाची मान्यता उभी आहे, तर दुसऱ्यामागे केवळ जाहिरात. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये संपावर गेलेल्या महाराष्ट्रातील शिक्षकांना आणि कारकुनांना हा भेद कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ असा नव्हे, की सहज मिळत असलेली सवलत नाकारावी. कामाच्या ओघात दहा लाख मैल पुरे झाले, तर मिळणाऱ्या खुर्चीवर खुशाल बसावे. परंतु त्या खुर्चीसाठी गरज नसलेला प्रवास करणे, मालकाचा पैसा उधळणे वा घरच्यांच्या वाट्याचे दिवस देऊन टाकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ज्या सनदेतील अटी देणारा एकटाच लिहितो आणि एकटाच बदलतो, ती कितीही सोनेरी अक्षरांत छापली, तरी तिला हक्क म्हणता येत नाही.