लोणारचा चिखल आणि कपड्यावरचा डाग

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर बघायला लोक येतात ते उल्केच्या ओढीने. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मंडळींचं लक्ष मात्र खालच्या चिखलावर असतं. विवरातल्या सरोवराचं पाणी खारं आणि चांगलंच अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. इथल्या क्षारांचा काच आणि साबण बनवायला उपयोग होत असे, याची नोंद ‘आईन-ए-अकबरी’तही आहे. अशा पाण्यात जे जिवाणू सुखाने नांदतात, ते बाहेर सोडतात ती एन्झाइमंही सोड्याच्या पाण्यात शाबूत राहतात. अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे.

असा जिवाणू हुडकायचा कसा? काठचा चिखल निर्जंतुक बाटलीत आणायचा आणि सोडा घालून सामू दहावर नेलेल्या पोषक द्रावणात थोडा टाकायचा. एरवीचे जंतू तिथे तग धरत नाहीत, लोणारचे मात्र वाढतात. मग साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळलेल्या आगरच्या पांढऱ्या थाळीवर त्या द्रावणाचा पातळ केलेला थेंब पसरायचा आणि थाळी उबेत ठेवायची. एक-दोन दिवसांत ठिपक्यांएवढ्या वसाहती उगवतात. त्यातल्या काहींभोवती पांढरेपणा जाऊन काचेसारखं स्वच्छ कडं पडलेलं असतं. तिथलं दुधातलं प्रथिन जिवाणूने पचवलेलं असतं. कड्याची रुंदी चक्क पट्टीने मोजतात. ज्याचं कडं मोठं तो जिवाणू वेगळा वाढवायचा आणि त्याचं एन्झाइम निरनिराळ्या सामूला, तापमानाला तपासायचं. काम कंटाळवाणं, पण खरी निवड इथेच होते.

रक्त, घाम, दूध, अंडं यांचे डाग प्रथिनांचे. धुण्याच्या पावडरीत घातलेलं प्रोटिएझ, म्हणजे प्रथिन पचवणारं हेच एन्झाइम, त्यांचे तुकडे करतं, तेही कोमट पाण्यात, त्यामुळे पाणी तापवायचं इंधन वाचतं. कातडी कमावताना केस काढायला चुना आणि सोडिअम सल्फाइड लागतं. त्याचं सांडपाणी भयंकर असतं, एन्झाइमने तो भार हलका होतो. अर्थात थाळीवरचं कडं आणि कारखान्याची टाकी यांत बरंच अंतर आहे. स्वस्तात, भरपूर आणि दर खेपेला सारखंच एन्झाइम निघेल तेव्हाच उद्योजक त्याला दारात उभं करतो. म्हणून ‘लोणारच्या जिवाणूची पावडर’ लगेच दुकानात शोधू नये.

सूक्ष्मजीवांच्या अशा तपासणीचा दुसरा उपयोग तातडीचा. जून २०२०मध्ये सरोवर गुलाबी झालं आणि तर्कांना ऊत आला. आघारकर संस्थेने नमुने तपासले. पाणी घटून खारटपणा वाढला होता आणि मीठप्रेमी हॅलोआर्किया फोफावले होते, रंग त्यांच्यातल्या रंगद्रव्याचा होता. नमुना स्थिर ठेवला तेव्हा जैवभार तळाशी बसला आणि वरचं पाणी स्वच्छ दिसू लागलं.

त्याच वर्षी लोणारला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. गावचं सांडपाणी सरोवरात उतरतं ही तक्रार मात्र जुनीच. गोडं, घाण पाणी वाढलं की खारटपणा आणि सामू उतरतो, आणि ज्यांच्यासाठी थाळ्या मांडायच्या ते जिवाणूच मागे पडतात. प्रयोगशाळेला लोणारच्या गटारांशी देणंघेणं आहे ते असं.