भूतदयेचा नवा धडा

आपल्याकडे लहान मुलास जेवू घालताना एक घास चिऊचा, एक घास काऊचा असे म्हणत भरविण्याची रीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यास हळद-लोणी चोळावयाचे, हेही खेड्यातील मूल समजू लागल्यापासून पाहते. रामेश्वरासाठी काशीहून आणलेले गंगाजल तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या एकनाथांची कथा तर घरोघरी सांगितली जाते. भूतदया हा शब्द मराठी मुलाच्या कानी असा फार लवकर पडतो. १९७६ साली झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही भावना राज्यघटनेतही आणली. नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे अनुच्छेद ५१-क प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य होय.

कर्तव्य सांगणे सोपे असते; ते मुलाच्या अंगवळणी पाडणे मात्र कठीण. आज शहरातील कित्येक मुलांस चिऊ ठाऊक आहे ती चित्रातली, आणि बैल ठाऊक आहे तो मातीचा. बंद खिडक्यांच्या घरात वाढणाऱ्या मुलाची पशुपक्ष्यांशी ओळख होते ती बहुधा हातातील मोबाईलच्या पडद्यावर. म्हणून काही पालक तो हातातून काढून घेतात, तर काही कंटाळून मुलास त्याच्याच स्वाधीन करतात. या दोन टोकांमध्ये तिसरा एक मार्ग आहे. पडद्यावर मूल काय पाहते आणि पाहून झाल्यावर कोठे जाते, याकडे लक्ष देणे हा तो मार्ग होय.

दयेचा भास

प्रथम धोक्याचा विचार करू. इंटरनेटवर प्राण्यांची असंख्य चलच्चित्रे आहेत. त्यांपैकी पुष्कळशी निर्मळ व आनंददायक असतात, परंतु सर्वच तशी नसतात. लोरिस नावाच्या निशाचर प्राण्याचे उदाहरण घ्या. याची एक जात आपल्या ईशान्य भारतातील जंगलांतही आढळते. वाटोळ्या डोळ्यांच्या अशा एका प्राण्यास कोणी गुदगुल्या करीत आहे आणि तो दोन्ही हात वर करून जणू आणखी मागत आहे, असे एक चित्र काही वर्षांपूर्वी जगभर कौतुकाने पाहिले गेले. वास्तविक हात वर करणे हा या प्राण्याचा भयाने घेतलेला बचावाचा पवित्रा आहे. त्याच्या दंडाजवळ एक ग्रंथी असते. तिच्यातील स्राव तोंडात घेऊन विषारी दंश करता यावा, म्हणून तो हात उचलतो. पाळण्यासाठी विकताना असल्या प्राण्यांचे दात कापून टाकण्याचा दुष्ट प्रकारही व्यापारी करतात. चित्र पाहणाऱ्यास जो लाड वाटला, तो त्या जिवाचा त्रास होता.

याहूनही वाईट प्रकार म्हणजे बनावट सुटकेची चित्रे. कुत्र्याचे पिल्लू सापासमोर ठेवावयाचे किंवा मांजर चिखलात रुतवावयाचे, आणि मग त्यास वाचविण्याचा देखावा करून तो जगास दाखवावयाचा, असा हा धंदा आहे. तो पाहून मुलाचे डोळे भरून येतात आणि पालकांस वाटते की मूल दयाळू होत आहे. प्रत्यक्षात जितके अधिक लोक ते पाहतील, तितकी पुढची पिल्ले संकटात लोटली जातात. ज्ञानावाचून उत्पन्न झालेली दया किती सहज फसविली जाते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

म्हणून मुलाशेजारी बसून काही साधे प्रश्न विचारावेत. हा प्राणी आपल्या मूळ ठिकाणी आहे काय? त्यास पळून जाण्याची मोकळीक आहे काय? चित्र घेणारा त्या वेळी तेथे नेमका कसा होता? दहा वर्षांच्या मुलासही हे प्रश्न उमजतात, आणि एकदा उमजले की ते स्वतःच विचारू लागते.

पांगती गावाची गोष्ट

याच पडद्याचा सदुपयोग कसा होतो हे पाहावयाचे असेल, तर नागालँडकडे वळावे लागेल. त्या राज्याच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण बांधून मोठा जलाशय झाला आहे. पाण्याखाली अनेकांची शेते गेली आणि लोक मासेमारीकडे वळले. याच जलाशयाच्या परिसरात दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे हजारोंच्या थव्यांनी उतरतात. सैबेरिया व उत्तर चीन येथून निघून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारा हा सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचा पक्षी येथे पंखवाल्या वाळव्या खाऊन पुढील प्रवासासाठी अंगात बळ साठवितो.

२०१२ सालच्या हंगामात येथे मासेमारीची जाळी झाडांमध्ये उंच ताणून हे पक्षी पकडले जात असल्याचे काही पक्षिमित्रांनी पाहिले. कायद्याने ही शिकार निषिद्धच होती. एकाच हंगामात एक लाखाहून अधिक पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी घेतलेले चलच्चित्र इंटरनेटवरून जगभर गेले आणि मोठी खळबळ उडाली.

गावकऱ्यांस क्रूर म्हणून हिणविणे फार सोपे होते. परंतु ज्यांची शेती बुडाली होती, त्यांच्यासाठी तो पक्षी म्हणजे चार पैसे देणारे पीक होते. तो कोठून येतो, कोठे जातो आणि त्याच्यावाचून कोणाचे काय अडते, हे त्यांस कोणी समजावून सांगितले नव्हते. पुढील वर्षभरात वनखाते, स्वयंसेवी कार्यकर्ते, ग्रामपरिषदा आणि चर्चचे धर्मोपदेशक यांनी मिळून हे काम केले. मुलांसाठी निसर्ग-मंडळे काढण्यात आली. ग्रामपरिषदांनी शिकारीवर बंदी घातली आणि २०१३ च्या हंगामात त्या भागातील जाळी उतरली. एका वर्षात घडलेला हा पालट जगातील निसर्गरक्षकांस आश्चर्याचा वाटला.

त्याच नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेच्या व हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारी चिमुकली यंत्रे बसविली आणि पक्ष्यांची नावे ठेविली नागा, वोखा व पांगती. त्यांपैकी पांगती हे तर जलाशयाकाठच्या एका गावाचेच नाव. या पक्ष्यांचा प्रवास इंटरनेटवरील नकाशावर कोणासही पाहता येत असे. भारताचे द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून अखंड उडत ते आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले आणि तेथून दक्षिणेकडे गेले. २०१४ च्या शरदात नागा व पांगती हे दोघे पुन्हा दोयांगच्या परिसरात परतले.

या नकाशात शिकवणुकीचे एकही वाक्य नव्हते; एक ठिपका तेवढा सरकत होता. परंतु ज्या पक्ष्यास आपल्या गावाचे नाव आहे आणि जो भर समुद्रावर एकटा उडत आहे, त्याच्याविषयी कोणाच्या मनात काळजी उत्पन्न होणार नाही? ओळख झाली की आपुलकी येते, आणि आपुलकी आली की हात आपोआप आवरतो. आपल्याकडे लोणावळ्याच्या आसपासही हिवाळ्याच्या आरंभी हे ससाणे वाटेत थांबलेले दिसतात. ती जागा मुलास दाखविताना पांगती गावाची ही गोष्ट अवश्य सांगावी.

एक मूल, एक झाड

ससाणा काही सर्वांच्या दारी येत नाही. झाड मात्र बहुतेक प्रत्येकाच्या दारी असते. याच विचारावर उभा राहिलेला ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम २०१० पासून चालू आहे. मुलाने आपल्या घराजवळचे किंवा शाळेतील एक झाड निवडावयाचे, संकेतस्थळावर त्याची नोंद करावयाची आणि दर आठवड्यास त्याच्यासमोर काही मिनिटे उभे राहावयाचे. कोवळी पाने आहेत काय, जून किती, कळ्या धरल्या काय, फुले उमलली काय, फळे कच्ची की पिकली, या प्रत्येकाचे उत्तर नाही, थोडी किंवा पुष्कळ एवढेच द्यावयाचे असते. केरळातील शाळांनी या कामात मोठा वाटा उचलला आहे. एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या विषू सणास तेथे बहाव्याची पिवळी फुले देवापुढे मांडतात. हल्ली बहावा सणाच्या आधीच फुलू लागला आहे, अशी तेथील लोकांची तक्रार असते. अशा तक्रारीचा पडताळा घ्यावयाचा, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात, आणि त्या नोंदी शाळकरी मुले करीत आहेत. आपल्या अंगणातील झाड हवामानाच्या मोठ्या प्रश्नाशी कसे जोडलेले आहे, हे त्यांस निराळे शिकवावे लागत नाही. वर्षभर पाहिलेल्या झाडाची फांदी ते मूल उगाच मोडणार नाही, हा लाभ तर वेगळाच.

पक्ष्यांविषयी असाच एक उत्सव फेब्रुवारीत येतो. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली अंगणातील पक्ष्यांची मोजणी २०१३ पासून भारतातही होते. चार दिवसांपैकी केव्हाही, कोठेही, किमान पंधरा मिनिटे थांबावयाचे आणि दिसलेले पक्षी मोजून ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर कळवावयाचे, एवढाच नियम. गच्ची, शाळेचे मैदान, रेल्वे-वसाहतीतील चिंचेचे झाड, कोणतीही जागा चालते. कावळा, साळुंकी आणि पारवा हेसुद्धा तितक्याच मानाने मोजले जातात. मैसूरच्या ‘नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन’ या संस्थेचा ‘अर्ली बर्ड’ हा उपक्रम पक्ष्यांची चित्रे व माहिती अनेक भारतीय भाषांतून मुलांपर्यंत पोहोचवितो. वाचनाची आवड असलेल्या मुलांसाठी प्रथम बुक्सने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ उघडले. तेथे प्राणी, झाडे व नद्यांच्या सचित्र गोष्टी मराठीतूनही विनामूल्य वाचावयास मिळतात. परप्रांतात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांस मुलांसाठी मराठी पुस्तके सहज मिळत नाहीत, त्यांची या साधनाने मोठी सोय झाली आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पक्ष्याचा आवाज ऐकून त्याचे नाव सांगणारी अ‍ॅप आता आली आहेत. त्यांतील ध्वनिमुद्रित हाक मोठ्याने वाजवून पक्ष्यास जवळ बोलाविण्याचा मोह मुलांस होतो. विणीच्या दिवसांत ही हाक ऐकून आपल्या हद्दीत कोणी परका शिरला असे पक्ष्यास वाटते आणि तो घरटे सोडून धावतो. ऐकण्यासाठी दिलेले साधन हाकारण्यासाठी वापरू नये, एवढा संयम शिकणे हीदेखील भूतदयाच होय.

पडद्यापासून अंगणापर्यंत

या साऱ्या साधनांत एक समान धागा दिसतो. ती मुलास पडद्यासमोर खिळवून ठेवीत नाहीत. काही तरी पाहून ये, असे सांगून दाराबाहेर धाडतात. पालकांनी हीच कसोटी लावावी. ज्या खेळानंतर किंवा चित्रानंतर मूल खिडकीशी जाऊन बाहेर पाहू लागते, ते साधन चांगले. ज्यानंतर ते आणखी एक चित्र मागते, त्यास मर्यादा घालावी.

बाहेर पाठविलेल्या मुलास घरातून पाठबळही हवे. उन्हाळ्यात गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवण्याचे व ते रोज स्वच्छ करण्याचे काम मुलाकडे सोपवावे. घरट्याबाहेर पडलेले, अंगावर पिसे आलेले पिल्लू दिसल्यास ते उचलून घरी आणू नये. बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात व त्यास भरवीत असतात. आपण मांजर-कुत्री दूर ठेवून लांबून पाहावे. पिंजऱ्यातील पोपटाचा हट्ट मुलाने धरला, तर आपले पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, हे त्यास समजावून सांगावे आणि पिंपळावर उतरणारा पोपटांचा थवा दाखवावा. संक्रांतीस पतंगासाठी नायलॉनचा मांजा मुळीच घेऊ नये. त्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात आणि माणसांचेही गळे चिरले गेले आहेत.

या गोष्टी करताना वडील मंडळींचे वर्तन मुले बारकाईने न्याहाळीत असतात. मुलाच्या हाती पक्ष्यांचे चित्र द्यावयाचे आणि स्वतः दारातील कुत्र्यास दगड मारावयाचा, तर चित्राचा उपयोग शून्य. उलट ज्या घरात आजोबा रोज सकाळी कावळ्यास घास ठेवतात आणि नातू त्या कावळ्यांची मोजणी वहीत उतरवितो, तेथे जुना संस्कार व नवे साधन यांची सहज सांगड पडते. येत्या फेब्रुवारीत आपल्याही घरी अशी एक वही उघडावी. पहिल्या पानावर चारच कावळे आणि एक साळुंकी असली, तरी आरंभास तेवढी पुरेशी आहेत.