पेटीतली कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी

जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. घर हलवताना माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते आणि तिच्या तळाशी, जुने रेशनकार्ड, गिरणीचा पास आणि फोटोंच्या खाली, एक-दोन व्हिडिओ कॅसेटी सापडतात. कोणाच्या लग्नाची, कोणाच्या बारशाची, एखादी वस्तीतल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीची. घरात एकच गलका होतो, ‘लावा, लावा, बघू या!’ वाचक बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे एवढेच, की त्या क्षणी लावू नका. कॅसेट बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा.

आम्हांला हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. आमचे थोरले बंधू वारले. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या आधी वहिनींनी लग्नाची कॅसेट पाहण्याची इच्छा बोलून दाखवली. लग्न १९९१ सालचे. पुतण्याने हौसेने जुन्या बाजारातून एक व्हीसीआर आणला, टीव्हीला जोडला आणि त्यात पहिली कॅसेट घातली ती हीच. दोन-तीन मिनिटे चित्र आले, मग थरथरले, आतून ‘कर्र’ असा आवाज झाला आणि पडदा कोरा झाला. बटण दाबले तर कॅसेट अर्धी बाहेर आली, पण फीत आत अडकलेली. पुतण्या ती ओढणार एवढ्यात वहिनी ओरडल्या, ‘अरे थांब, तोडशील!’ त्या ओरडल्या म्हणून निभावले. प्लग काढला आणि यंत्र कॅसेटसकट उचलून एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडे नेले. त्यांनी झाकण उघडून आतली चाके हाताने उलटी फिरवली आणि फीत अलगद सोडवली. तुटली नव्हती. पण हातभर भाग चुरगळला होता.

हातभर म्हणजे किती? व्हीसीआरमध्ये फीत सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकते. म्हणजे सुमारे वीस सेकंद गेले. त्यातही चित्र थोडेफार दिसते, पण साध्या यंत्रात आवाज फितीच्या काठावर नोंदलेला असतो. काठ मोडला की आवाज गेला. आता त्या वीस सेकंदांत दादा वहिनींच्या वडिलांशी काहीतरी बोलताना दिसतात. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही.

चूक पुतण्याची म्हणावी, तर आम्हीही शेजारीच बसलो होतो. आमच्या पिढीला व्हीसीआर म्हणजे घरचेच यंत्र वाटते. १९८२ साली आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि त्यामागोमाग व्हीसीआर भाड्याने देणारी दुकाने निघाली. वर्गणी काढून रात्रभरासाठी यंत्र आणायचे, चाळीच्या पटांगणात मांडायचे आणि उजाडेपर्यंत तीन-चार पिक्चर बघायचे. तेव्हाची यंत्रे रोज चालत होती, हाताशी मेकॅनिक होते, सुटे भाग होते. आज तसे नाही. व्हीएचएस कॅसेटीचे यंत्र जपानात १९७६ साली बाजारात आले आणि फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली शेवटची यंत्रे बनवून काम थांबवले. म्हणजे आज हाती येणारा प्रत्येक व्हीसीआर वर्षांनुवर्षे पडून राहिलेला असण्याचीच शक्यता जास्त. त्यातले रबरी पट्टे सैल पडतात, फीत ओढणारे रबरी चाक कडक होते, वंगण सुकते. फीत सारखी ओढली गेली नाही की ती गोळा होऊन आत अडकते. म्हणून पहिला नियम असा: जुन्या यंत्रात आधी एखादी बिनमहत्त्वाची, पण स्वच्छ कॅसेट घालावी. ती अर्धा तास चालवावी, पुढे-मागे फिरवून पाहावी, बाहेर काढून फितीवर ओरखडा किंवा चुणी पडली का ते बघावे. मगच घरची कॅसेट.

विजेचेही सांगायला हवे. बंद पडून राहिलेल्या यंत्राला पहिल्यांदा वीज देताना माणसाने समोर बसून राहावे. जळका वास आला, गुणगुण वाढली, धूर दिसला तर आधी बोर्डावरचे बटण बंद करावे, मग प्लग काढावा. एकाच बोर्डावर एकात एक तीन जोड लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ती इथे नको. यंत्राच्या झाकणाला भोके असतात ती हवेसाठी. त्यावर क्रोशाचा रुमाल आणि वर फुलदाणी, हे दिसायला छान, पण आतली उष्णता आतच राहते. फुलदाणीतले पाणी सांडले तर विचारूच नका. विजा चमकत असतील तेव्हा प्लग आणि अँटेनाची वायर दोन्ही काढून ठेवावे. कॅसेट घालायच्या फटीत लहान मुले नाणी, बिस्किटे, काय वाटेल ते घालतात. उबेला झुरळे तर हमखास शिरतात.

झाकण स्वतः उघडू नये, असे आम्ही सांगतो तेव्हा काहींना तो भित्रेपणा वाटतो. घरची वीज २३० व्होल्टची असते, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ती काही काळ साठून राहते. जुन्या डबा टीव्हीच्या काचेच्या नळीत तर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. तो टीव्ही डगमगत्या स्टुलावर ठेवू नये, हेही लगेच सांगून टाकतो. त्याचे सगळे वजन पुढच्या बाजूला असते आणि ओढले की मुलाच्या अंगावर येतो.

चित्रात मुंग्या-मुंग्या दिसू लागल्या की बहुधा हेड घाण झालेले असते. यंत्रातला गोल ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावरची नखाच्या टोकाहून लहान हेडे फीत वाचतात. कानातल्या कापसाच्या काडीने ते पुसू नये, कापसाचा धागा अडकून हेड तुटते. मेकॅनिक आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेले मऊ चामडे ड्रमला नुसते टेकवून धरतात आणि ड्रम हाताने फिरवतात. वर-खाली घासत नाहीत. हे द्रव्य पेट घेते. तेव्हा प्लग काढलेला, गॅस आणि मेणबत्ती विझलेली असावी. रॉकेल, पेट्रोल तर मुळीच वापरू नये.

आता खुद्द कॅसेटीकडे वळू. तीन तासांच्या कॅसेटीत अडीचशे मीटरहून थोडी जास्त फीत असते, केसाहूनही पातळ. तिच्यावर लोखंडाच्या भुकटीचा थर डिंकासारख्या द्रव्याने बसवलेला असतो आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते द्रव्य ओल ओढून घेते. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीची गुंडाळी पाहावी. काठावर पांढरी पावडर किंवा जाळे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट लावली तर फीतही जाते आणि यंत्रही बाधित होते. मग त्यात घातलेल्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटीलाही ती लागते. ती हाताळताना नाका-तोंडाला रुमाल बांधावा. चांगल्या कॅसेटी पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. स्पीकरजवळ ठेवू नये, त्यात लोहचुंबक असते. आणि कॅसेटच्या पाठीच्या कडेला जो लहानसा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो अजून शाबूत असेल तर मोडून टाका. तो मोडला की तिच्यावर चुकून दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. क्रिकेटच्या सामन्याखाली गेलेली लग्ने आम्ही पाहिली आहेत.

खरा उपाय एकच, नक्कल. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन वायरींनी व्हीसीआर एका छोट्या यंत्रामार्फत संगणकाला जोडतात आणि कॅसेट चालेल तसतशी ती संगणकात उतरते. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. मोडकळीला आलेली कॅसेट कधी कधी एकदाच चालते. म्हणून ‘आधी सगळे मिळून बघू, मग नक्कल करू’ असे म्हणू नये. पहिल्याच खेपेला नक्कल चालू ठेवून बघावे. दुकानात देणार असाल तर सगळ्या कॅसेटी एकदम देऊ नका. एक द्या, काम पाहा, मग दुसरी. प्रत्येकीवर नाव आणि साल लिहा. नक्कल पेन ड्राइव्हवर एक आणि भावाबहिणीच्या घरी एक, अशा दोन तरी ठेवा. मूळ कॅसेट फेकू नका.

आमच्या वहिनींच्या लग्नाची नक्कल झाली. त्यांनी ती मोबाइलवर घेतली आहे. पेटीत अजून एक कॅसेट आहे, पुतण्याच्या पहिल्या वाढदिवसाची. तिच्या काठावर पांढरे दिसले. ती वेगळ्या पिशवीत सिलिका जेल घालून बांधून ठेवली आहे. पाऊस संपून हवा कोरडी झाली की घेऊन या, असे मेकॅनिकनी सांगितले आहे.