नेम हरणावर, बळी गिधाडाचा

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की काडतुसांच्या दुकानांत झुंबड उडते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा हा ऐन हंगाम. परवाना काढायचा, राज्याने नेमून दिलेल्या दिवसांत आणि तेवढ्याच संख्येत शिकार करायची, मटण घरच्या फ्रीझरमध्ये भरून ठेवायचं, असा हा रीतसर मामला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीची गाठ पडते ती पोलिसांच्या बातम्यांतच, त्यामुळे हे वाचून कुणाच्या कपाळावर आठी उमटली तर नवल नाही. पण तिकडे बऱ्याच भागांतून लांडगे आणि प्यूमा कधीच नाहीसे झाले आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम शिकाऱ्यांच्या गळ्यात पडलं. बंदुका आणि काडतुसांवरचा एक खास करही १९३७च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या कामालाच लावला जातो.

तर दुकानात उभा असलेला माणूस विचारतो, ‘हरणासाठी कुठली गोळी देता?’ शंभरेक वर्षं या प्रश्नाचं उत्तर एकाच कसोटीवर ठरत आलं: हरीण किती लवकर पडतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी तिच्यापुढे दुसरा प्रश्न आणून ठेवला. हरीण पडलं, ठीक. पण गोळीचं पुढे काय झालं?

आधी जुनी कसोटी. अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारलेलं ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस आजही हरणाच्या शिकारीत सर्रास चालतं. डब्यावर ‘१५० ग्रेन’ असं छापलेलं असतं ते गोळीचं वजन, म्हणजे साधारण पावणेदहा ग्रॅम. एवढीशी गोळी नळीतून सुटते ती सेकंदाला सुमारे ८८० मीटर वेगाने, आवाजाच्या अडीच पट. नळीच्या आत पेचदार खाचा असतात आणि बहुतेक थर्टी-ऑट-सिक्स रायफलींत त्या दहा इंचांत एक फेरा पूर्ण करतात. गणित मांडलं तर गोळी बाहेर पडताना स्वतःभोवती मिनिटाला दोन लाखांहून जास्त वेळा फिरत असते. हे फिरणं तिला सरळ रेषेत ठेवतं. पण गोळी मऊ असेल आणि आदळताना फुटली, तर तिचे तुकडे आडवे भिरकावण्यात याच फिरण्याचा हातभार लागतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

गोळीच्या धक्क्याने जनावर जागीच उडून पडतं, हा सिनेमाने करून दिलेला समज. प्रत्यक्षात हरीण मरतं ते बहुधा रक्तस्रावाने. काळीज आणि फुप्फुसं मिळून लक्ष्य जेमतेम २०-२५ सेंटीमीटर व्यासाचं. तिथून गोळी आरपार गेली आणि जाताना रुंद वाट पाडून गेली, तर काही सेकंदांत मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. गोळी फार कडक असेल तर ती सुईसारखं भोक पाडून निघून जाते. जखमी हरीण झाडीत शिरतं आणि कुठेतरी तासन्‌तास तडफडत मरतं. फार मऊ असेल तर खांद्याच्या हाडावरच तिच्या ठिकऱ्या होतात, आत काही पोहोचतच नाही. शिकाऱ्याला हवी असते ती या दोन्हींच्या मधली, आत शिरल्यावर पसरणारी पण एकसंध राहणारी गोळी.

पसरणाऱ्या गोळीच्या इतिहासातलं एक ठळक पान भारतात लिहिलं गेलं. कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या काडतूस कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी १८९०च्या दशकात लष्करी गोळीच्या टोकावरचं धातूचं आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. वायव्य सरहद्दीवरचे लढवय्ये साध्या गोळीने थांबत नाहीत, अशी इंग्रजांची तक्रार होती. हीच ती कुप्रसिद्ध ‘दमदम’ गोळी. १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली. गंमत अशी की अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणासाठी नियम नेमका उलटा आहे: पूर्ण आवरणाची लष्करी गोळी निषिद्ध, पसरणारीच हवी. माणसावर जी झाडायला मनाई, तीच हरणासाठी सक्तीची! दोन्ही नियमांमागचा हेतू मात्र यातना कमी करण्याचाच, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर आहेत.

पसरायचं पण फुटायचं नाही, हे शिशाला जमवणं सोपं नव्हतं. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याने वाळलेल्या चिखलाने माखलेल्या मूस या थोराड हरणावर गोळ्या झाडल्या आणि त्या कातड्यावरच फुटल्या. घरी येऊन त्यांनी मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा भाग पसरणार, मागचा शाबूत राहणार. १९४८पासून ती बाजारात आहे. तरीही सर्वाधिक खपते ती साधी, स्वस्त गोळी, म्हणजे तांब्याचं पातळ कवच आणि आत शिसं. हरणासाठी ती पुरते. फक्त अंगात शिरताना स्वतःच्या वजनाचा मोठा हिस्सा गमावून बसते. हा हिस्सा जातो कुठे, याची चौकशी दीर्घकाळ कुणी केली नाही.

ती करायला लावली एका गिधाडाने.

कॅलिफोर्निया काँडर हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा उडणारा पक्षी. पंखांचा विस्तार जवळपास तीन मीटर. १९८२ साली जगात फक्त २२ काँडर उरले होते. १९८७च्या एप्रिलमध्ये रानातला शेवटचा काँडर पकडून पिंजऱ्यात आणला तेव्हा एकूण संख्या होती २७. सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास झाली, १९९२पासून कॅलिफोर्नियात आणि १९९६पासून ॲरिझोनात पिल्लं रानात सोडली जाऊ लागली. आता एकूण काँडर पाचशेच्या वर गेले आहेत. पण सोडलेले पक्षी मरत राहिले, आणि रानातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण निघालं शिसं.

शिकारी हरीण मारलं की जागेवरच पोट फाडून कोथळा बाहेर काढतो आणि तिथेच टाकून धूड घेऊन जातो. काँडरसाठी ही आयती मेजवानी, पण तिच्याबरोबर गोळीच्या शिशाचे कणही त्याच्या पोटात जातात. पोटातल्या तीव्र आम्लात शिसं विरघळतं आणि रक्तात मिसळतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून मज्जातंतूंत आणि हाडांत जागा देतं. विषबाधा झालेल्या पक्ष्याची पचनसंस्था लुळी पडते; गळ्याची पिशवी भरलेली, पण अन्न खाली सरकत नाही. भरल्या पोटी पक्षी उपासमारीने मरतो.

गोळीचे कण खरोखर किती उडतात, हे पाहायला पेरेग्रीन फंड या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शिकार झालेल्या हरणांचे एक्स-रे काढले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणांच्या कोथळ्याचे २० ढीग तपासले गेले. १८ ढिगांत धातूचे कण सापडले आणि पाच ढिगांत तर दोनशेहून अधिक. काळ्या फिल्मवर खसखस विखुरल्यासारखे पांढरे ठिपके, जखमेच्या वाटेपासून दूरवर पसरलेले. तांब्याच्या गोळीने मारलेल्या चार अख्ख्या हरणांत मिळून कण सापडले सहा.

हे शिसं गोळीतलंच कशावरून? रंग, जुनं पेट्रोल, खाणी, शिसं कुठूनही येऊ शकतं, असा आक्षेप शिकारी संघटनांनी घेतला आणि तो चुकीचा म्हणता येणार नव्हता. उत्तर समस्थानिकांनी दिलं. शिशाचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात. २०६ आणि २०७ वजनांच्या अणूंचं एकमेकांशी प्रमाण कोणत्या खाणीतलं शिसं आहे त्यानुसार बदलतं. आजारी काँडरच्या रक्तातलं हे प्रमाण मुख्यतः काडतुसांतल्या शिशाशी जुळलं. पिसांनी तर आणखी तपशील पुरवला. पीस महिनोन्‌महिने वाढत असतं आणि त्या त्या दिवसांचं रक्तातलं शिसं त्याच्या त्या त्या भागात साठत जातं, त्यामुळे एकच लांब पीस टप्प्याटप्प्याने तपासलं की विष अंगात कधी शिरलं याचा माग लागतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कॅलिफोर्नियातल्या मुक्त काँडरपैकी सुमारे २० टक्क्यांच्या रक्तातलं शिसं दर वर्षी उपचार करावे लागतील इतक्या पातळीला पोहोचत होतं. गरुडांचीही तीच गत. ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांची तपासणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास निम्म्यांमध्ये दीर्घकाळच्या शिसेबाधेच्या खुणा होत्या.

हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने भारतीय उपखंडातली गिधाडं संपत आणली. तेही विष गिधाडांसाठी नव्हतंच, मेलेल्या जनावरातून ते त्यांच्या पोटात गेलं. डायक्लोफेनॅकचा गुन्हा पाकिस्तानात काम करून २००४ साली जगापुढे आणला तो याच पेरेग्रीन फंडाच्या पथकाने. भारताने २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं.

शिशाला पर्याय तांब्याचा. युटामधल्या बार्न्स कंपनीने १९८९ साली निखळ तांब्याची, टोकाला पोकळी असलेली गोळी आणली. शरीरातला ओलावा त्या पोकळीत दाबाने घुसतो, टोक चार पाकळ्यांत उलगडतं आणि गोळी वजन जवळपास तसंच राखून आरपार जाते. नॉस्लर ज्यासाठी झटले ते इथे धातूच्या चिवटपणाने साधलं.

अर्थात धातू बदलला की पदार्थविज्ञान आपला हिशेब मागतंच. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९च्या जरा खाली. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी म्हणून लांब होते, काडतुसात दारूची जागा खाते आणि हवेत स्थिर राहायला तिला जास्त फिरकी लागते. यावरचा व्यवहारी तोडगा म्हणजे एक पायरी हलकी गोळी घेणं: शिशाची १६५ ग्रेनची वापरत असाल तर तांब्याची १५०. हलकी गोळी वेगाने सुटते आणि तांब्याला वेग हवाच असतो, कारण वेग मंदावला की पाकळ्या नीट उघडत नाहीत. लांबचा बार काढायची हौस असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं. नव्या गोळीसाठी रायफलचा नेम पुन्हा बसवावा लागतो, आणि डबाही बऱ्याचदा महाग पडतो. पण वर्षाकाठी एक-दोन हरणं मारणाऱ्याला किती गोळ्या लागतात? परवाना, पेट्रोल आणि मुक्कामाच्या खर्चापुढे हा फरक किरकोळ आहे. महागाईची तक्रार मला फारशी पटत नाही.

तांब्याने हरीण उशिरा पडतं का, हा आक्षेप जास्त गंभीर. डेन्मार्कमध्ये प्रत्यक्ष शिकारीत मारलेल्या ६५७ जनावरांची नोंद घेऊन त्याची तड लावली गेली. गोळी लागल्यावर हरीण किती पळालं, हे मोजलं. लाल हरणात दोन धातूंमध्ये फरक दिसला नाही. लहानग्या रो हरणात लांबून मारलेल्या तांब्याच्या गोळीबाबत किंचित फरक आढळला, पण शिकारीच्या व्यवहारात नगण्य. १ एप्रिल २०२४पासून डेन्मार्कने रायफलच्या शिशाच्या गोळ्या शिकारीतून हद्दपार केल्या. असं करणारा तो पहिला देश.

अमेरिकेत दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या. कॅलिफोर्नियाने कायदा केला: २००८पासून काँडरच्या टापूत, १ जुलै २०१९पासून राज्यभर शिकारीसाठी शिसं बंद. ॲरिझोनाने सक्ती टाळली. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेच्या कैबाब पठारावर जाणाऱ्या शिकाऱ्यांना २००५पासून बिनशिशाची काडतुसं फुकट दिली आणि शिसं वापरलंच तर कोथळा उचलून आणा, अशी विनंती केली. आणणाऱ्यांसाठी बक्षिसांची सोडतही ठेवली. दहातले आठ-नऊ शिकारी यात सामील होत आले आहेत. दोन्हीकडे विषबाधा पूर्ण थांबलेली नाही. एकच कोथळा अनेक पक्षी मिळून खातात, त्यामुळे न ऐकणारे थोडे असले तरी पुरतात. तरी मला ॲरिझोनाची वाट जास्त शहाणपणाची वाटते. बिनशिशाची सक्ती म्हणजे शिकारबंदीची पहिली पायरी, असा संशय बंदूकवाल्यांच्या मनात पक्का असतो. एक्स-रेची फिल्म हातात ठेवून बोललं की तो बराच निवळतो.

राहिला माणूस. कोथळ्यात शिसं उरतं, तसं मटणातही. ३० हरणांचं मटण व्यावसायिक खाटकांकडून कापून, खिमा करून घेतल्यावर तपासलं, तेव्हा ८० टक्के हरणांच्या निदान एका पाकिटात तरी धातूचे कण निघाले. तेच मटण डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं. जखमेभोवतीचं मांस कापून टाकणं पुरेसं नाही, कारण कण लांबवर पसरलेले असतात आणि दाताखाली जाणवत नाहीत. नॉर्थ डकोटात २००८ साली ७३८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा शिकारीचं मटण खाणाऱ्यांत शिसं थोडं जास्त निघालं. धोक्याच्या तेव्हाच्या रेषेच्या वर मात्र कुणी नव्हतं. तरीही गरोदर बायकांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचं मटण खाऊ नये, असा सल्ला तिथल्या आरोग्य खात्याने दिला.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हिवाळ्यात कुणी शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी प्रेमाने हरणाच्या मटणाचं पाकीट आणून देतो. ते जरूर घ्या, पण हरीण कुठल्या गोळीने मारलं, शिशाच्या की तांब्याच्या, हे आधी विचारा. हाडाचा शिकारी या प्रश्नाने रागावत नाही. उत्तर ‘शिसं’ असेल किंवा ‘माहीत नाही’ असं असेल, तर पोराबाळांच्या ताटात ते वाढू नका.