सारेच वयाच्या खाती मांडू नये

वर्षअखेर हिशेब जुळविताना एखादी रक्कम कोठे गेली हे उमगले नाही, तर मुनीमजी ती तूर्त उचंत खाती टाकतात आणि कीर्द मिळवून देतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. आजोबा नाव विसरले, वय झाले. जिन्यावर तोल गेला, वय झाले. कोणात मिसळेनासे झाले, तरीही वयच झाले. मुनीमजी निदान पुढच्या वर्षी ते खाते उघडून पाहतात. आपण तेही करीत नाही.

वयाच्या खाती रास्तपणे पडणाऱ्या काही बाबी आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. मध्यम वयापासूनच विचाराचा वेग हळूहळू मंदावतो, एका वेळी दोन कामे सांभाळणे जड जाते, ओळखीचे नाव ओठांवर येऊन अडते आणि तासाभराने आपोआप आठवते. परंतु शब्दसंग्रह, व्यवहारज्ञान व पारख ही सत्तरीपर्यंत, पुष्कळदा त्यापुढेही, शाबूत राहतात. म्हणूनच आजोबा तोंडी हिशेबात नातवाच्या मागे पडतील, पण समोरचा गिऱ्हाईक उधारी बुडविणार की नाही हे नातवाआधी ओळखतील. किल्ली कोठे ठेवली याचा विसर पडणे निराळे आणि आज सकाळी झालेले सबंध बोलणेच पुसून जाणे निराळे. रोजच्या वाटेवर चुकणे, मुरलेल्या माणसाच्या हातून पैशाच्या साध्या व्यवहारात वारंवार चुका होणे, ही लक्षणे वयाची नव्हेत. ती वैद्यास दाखविण्याची आहेत.

आमच्या चुलत्यांची बेळगावात रविवार पेठेत किराणा मालाची घाऊक पेढी. सारा बाजार त्यांना अण्णा म्हणे. ७४ व्या वर्षी त्यांना गिऱ्हाइकांची नावे आठवेनात, पुढे सकाळी दिलेले दर सायंकाळी आठवेनात. एकदा एकाच व्यापाऱ्याचा चेक त्यांनी दोनदा लिहिला. बस्तीच्या पायऱ्या उतरताना ते भिंत धरू लागले. ‘पायाखाली कापूस अंथरल्यासारखे वाटते,’ असे ते म्हणत. आम्ही ते मनावर घेतले नाही. घरात विचारविनिमय झाला आणि तिजोरीच्या किल्ल्या व सहीचा अधिकार थोरल्या चिरंजीवांकडे गेला. अण्णांनी विरोध केला नाही. ते नित्याप्रमाणे गादीवर येऊन बसत. बोलत मात्र नसत. असे आठ महिने गेले. मग जिभेची आग होते म्हणून ते एका डॉक्टरांकडे गेले असता डॉक्टरांनी पायांविषयीही विचारले आणि घोट्यावर नादकाटा टेकवून पाहिला. त्याची थरथर अण्णांना कळलीच नाही. रक्त तपासले, तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

हे जीवनसत्त्व रक्तपेशी घडविण्यास आणि मज्जातंतूंवरील वेष्टन टिकविण्यास लागते. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे डोळ्यांस न दिसणारी. परंतु ते कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. केवळ सूक्ष्म जीवाणू करतात. धान्य, डाळी, भाज्या, सुकामेवा यांवर कितीही खर्च केला तरी ते त्यांतून मिळत नाही. शाकाहारी माणसास त्याचा भरवशाचा मार्ग दूध, दही, ताक व पनीर एवढाच. पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. दिवसाकाठी चहात पडणाऱ्या दोन चमच्यांनी काय साधणार?

येथे वयाचा संबंध येतो, पण तो आपण समजतो तसा नव्हे. अन्नातील ब-१२ प्रथिनांशी बांधलेले असते. जठरातील आम्लाने ते सुटे होते आणि जठरानेच स्रविलेल्या एका विशिष्ट घटकाच्या साह्याने लहान आतड्याच्या अखेरच्या भागात शोषले जाते. उतारवयात पुष्कळांच्या जठराचे अस्तर क्षीण होऊन आम्ल कमी पडते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील ओमेप्राझोल ही औषधे वर्षानुवर्षे घेतल्यासही शोषण घटते, आणि ही दोन्ही औषधे आपल्यापैकी किती घरांत आहेत हे सांगावयास नको. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे गोदामातील जुना माल संपेपर्यंत दुकान चालूच दिसते. ते बंद पडते त्या दिवशी मालाची आवक कधी थांबली हे कोणालाच आठवत नाही.

पंडुरोग नाही, म्हणजे ब-१२ ठीक आहे, अशी एक समजूत आहे. १९८८ साली अमेरिकेतील लिंडेनबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कमतरतेमुळे मज्जासंस्थेचे वा मनाचे विकार जडलेले १४१ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी ४० जणांत पंडुरोग नव्हता, रक्तपेशींचा आकारही वाढलेला नव्हता. तेव्हा केवळ हिमोग्लोबिन पाहून निश्चिंत होऊ नये. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, जिभेची आग, उदासपणा, विस्मरण यांपैकी काही असेल तर ब-१२ ची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी. नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. हा प्रश्न केवळ वृद्धांचा वा आपल्या समाजाचाही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते.

औषधाविषयी मात्र आपल्या घरांतून एक रास्त प्रश्न विचारला जातो. १९२६ साली मायनट व मर्फी यांनी घातक पंडुरोगावर जो उपाय सिद्ध केला, तो प्राण्यांचे यकृत खाऊ घालण्याचाच होता. त्याबद्दल व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ साली यकृतातून ब-१२ शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले. आज मात्र ते जीवाणूंच्या किण्वनाने तयार होते. त्यासाठी यकृत लागत नाही. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटीनचे असते. म्हणून ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी साधी गोळी मागावी आणि वेष्टनावरील घटक वाचावेत. कमतरता तीव्र असल्यास इंजेक्शन घ्यावे लागते. गोळीतील ब-१२ प्रथिनांशी बांधलेले नसल्याने आम्ल कमी असूनही ते शोषले जाते. स्पिरुलिनाची गोळी ‘शाकाहारी ब-१२’ म्हणून विकली जाते खरी, परंतु तिच्यातील बहुतांश घटक मानवी शरीरास निरुपयोगी असतो. आपण स्वतः व्यापारी आहोत. वेष्टनावरील शब्दांचे मोल आपण तरी जाणावे.

ब-१२ म्हणजे सर्व विस्मरणावरील रामबाण मात्र नव्हे. ज्याच्या शरीरात ते पुरेसे आहे त्याची स्मृती गोळ्यांनी वाढत नाही, आणि अल्झायमरचा विकार त्याने बरा होत नाही. उचंत खात्यात इतरही रकमा असतात. थायरॉइड मंदावल्यास विचारही मंदावतो. ऐकू कमी येणारा माणूस चुकीचे उत्तर देतो, घरचे हसतात, आणि तो हळूहळू बोलणेच सोडतो. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे मांडली. त्यांत बहिरेपण हे वजनदार कारण आहे. तरी चष्मा लावण्यास न लाजणारे आपले लोक श्रवणयंत्रास का लाजतात, हे मला आजवर कळलेले नाही.

सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी ठेवावे. उतारवयात तहानेची जाणीवच बोथट होते. म्हणून दिवसा तहानेची वाट न पाहता पाणी घ्यावे. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन चालू असता उपवास करावयाचा, तर डॉक्टरांकडून मात्रा आधी ठरवून घ्यावी. रक्तातील साखर एकाएकी उतरली की माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, आणि घरच्यांना तो थकवा वाटतो.

अण्णांना प्रथम एक दिवसाआड, मग आठवड्याने, मग महिन्याने इंजेक्शने दिली. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी त्यांनी हळदीच्या एका बिलातील वजनाची चूक गादीवरूनच दाखविली. ती चिरंजीवांच्या नजरेतून सुटली होती. त्या दिवाळीला वहीपूजनानंतर किल्ल्या पुन्हा त्यांच्या कमरेला आल्या. पायांतील बधिरपणा मात्र पुरता गेला नाही. उपचारास उशीर झाल्याने मज्जातंतूंची काही हानी भरून निघाली नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. बस्तीच्या पायऱ्या ते अजूनही भिंत धरूनच उतरतात.