सुई, ताट आणि आपला थकवा

मधल्या सुट्टीत आम्ही चार-पाच शिक्षिका डबे उघडून बसतो. त्या वेळी एखादी तरी म्हणतेच, "अंगात त्राणच राहिलं नाही गं." दोन वर्षे हे वाक्य मीच सर्वांत जास्त म्हणत होते. येलदरीत माझे घर शाळेपासून जेमतेम दहा मिनिटांच्या वाटेवर आहे, पण मधला छोटा चढ चढताना मला दोनदा थांबावे लागे. फळ्यावर लिहून उजवा खांदा ठणकत असे. रात्री पाय ओढल्यासारखे होत आणि सकाळी झोपून उठले तरी झोप झाली नाही असे वाटे. चाळिशी उलटली की असे व्हायचेच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

माझ्या धाकट्या जावेनेही हीच समजूत घालून घेतली होती. तालुक्याच्या गावी कुणीतरी 'शक्ती वाढवणाऱ्या सुयांचे' शिबिर भरवले होते. दहा बैठका घ्या, रक्त वाढेल, दुसरे औषध नको, असे तिथे सांगण्यात आले. तिने भिशीचे पैसे भरले. सातव्या बैठकीनंतर ती चुलीपुढेच कोसळली. दवाखान्यात नेले तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ निघाले आणि दोन पिशव्या रक्त चढवावे लागले. डॉक्टरीणबाईंनी एकांतात विचारले तेव्हा कुठे कळले, की आठ महिन्यांपासून तिला पाळीत फार रक्तस्राव होत होता. गर्भाशयात गाठ होती. घरात तिने कुणालाच सांगितले नव्हते. मी मोठी जाऊ, शिकलेली, शिक्षिका; पण मलासुद्धा तिने सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. तिच्या खाटेजवळ बसून मला त्याचीच जास्त लाज वाटली.

त्यामुळे खांद्यासाठी ॲक्युपंक्चर करून बघा, असे एका मैत्रिणीने सुचवले तेव्हा मी कानावर हात ठेवले. पण तिने आग्रह केला आणि शहरातल्या एका नोंदणीकृत बाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी सुयांची डबी उघडण्याआधी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली, पाळीबद्दल सरळ विचारले. मग म्हणाल्या, "मॅडम, आधी रक्त तपासून या. सुईने खांदा मोकळा करता येईल, पण सुईने रक्त तयार होत नाही." माझे हिमोग्लोबिन ८.३ निघाले. बाईमाणसाला किमान १२ हवे, गरोदरपणात ११.

आता या सुयांविषयी थोडे. आपल्याकडे हिजामा लोकांना ठाऊक असतो, ॲक्युपंक्चर मात्र परके वाटते. ते चीनचे, हे खरे. पण त्याच्या भारतात येण्याच्या गोष्टीत आपल्या सोलापूरचे नाव आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस शल्यचिकित्सक. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. बसू परत आले. पुढे पन्नाशीच्या दशकात ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि भारतात ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही तिला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणून सुई टोचून घेण्याआधी नोंदणी आहे का, असे विचारायला संकोचू नये.

सुई केसासारखी बारीक असते. औषध भरलेले इंजेक्शन नव्हे. ती भरीव असते. टोचताना मुंगी चावल्याएवढे कळते, नंतर त्या जागी जडपणा येतो. वीस-पंचवीस मिनिटे पडून राहायचे. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बिंदू आहे. त्याच्या चिनी नावात 'तीन ली' असे अंतर येते. थकलेला वाटसरू तो बिंदू दाबून आणखी तेवढी वाट चालू शकतो, असे जुने चिनी लोक मानत. शरीरातून 'ची' नावाची शक्ती वाहते, अशी त्यांची मूळ कल्पना. आजचे डॉक्टर सांगतात की सुईमुळे मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते. जुनाट पाठदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, वारंवारची डोकेदुखी यांत काहींना गुण येतो, असे अभ्यासांत दिसले आहे. नुसत्या थकव्याबाबत तेवढी खात्री कुणी देऊ नये.

मला सहा बैठकांत खांद्याला बराच उतार पडला आणि झोप लागू लागली. दुखणे कमी झाल्यावर माणसाला हुशारी वाटते, हेही खरेच. चढ मात्र तसाच राहिला. तो सोपा झाला गोळ्यांनी आणि ताटाने.

रक्तक्षय हे काही माझे एकटीचे दुखणे नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांत तो आढळला. आपल्या घरांत गोश्त शिजते, मग आपल्याला कशाला होईल, असे मला वाटायचे. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न केला, "शिजते ते कळले. तुमच्या ताटात किती येते?" मी घरी येऊन आठवडाभर पाहिले. आधी मुलांचे अब्बू आणि दीर, मग मुलगे, मग मुली, शेवटी मी, जाऊ आणि अम्मी. आमच्या वाट्याला शोरबा आणि एखादे हाड. शोरब्याला चव असते, पण लोह असते ते बोटीत. बकरी ईदला सकाळी सर्वांत आधी कलेजी परतली जाते. ती परततो आम्ही आणि पाहुण्यांपुढे संपूनही जाते. लोह आणि बी-१२ यांचा एवढा साठा दुसऱ्या कुठल्या पदार्थात क्वचितच असेल. (गरोदर बायकांनी मात्र कलेजी डॉक्टरांना विचारूनच खावी, तिच्यात 'अ' जीवनसत्त्व फार असते.)

रोज गोश्त परवडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. येलदरीत धरणाची मासळी मिळते, अंडी मिळतात. आणि भाकरी तर आपल्या परभणीचीच आहे. इथल्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण आणले. नेहमीच्या ज्वारीत किलोला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, हिच्यात ४५ च्या आसपास. ज्यांची शेती आहे त्यांनी निदान घरच्यापुरती पेरावी. मटकीला मोड आणावेत, हरभऱ्याची डाळ, मेथी, अळीव, तीळ खावेत आणि त्यावर लिंबू पिळावे किंवा सोबत पेरू घ्यावा, कारण आंबट फळांतल्या 'क' जीवनसत्त्वाने धान्या-भाजीतले लोह अंगी लागते. चहा नेमके उलटे करतो. जेवण झाले की लगेच चहाचा कप, ही आमच्या घरची जुनी सवय. ती मोडायला मला लोहाची गोळी घेण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. आता जेवणानंतर तासभर तरी चहा नाही. अम्मी अजून कुरकुरतात.

खजुराबद्दल लिहिले नाही तर वाचक भगिनी रागावतील. इफ्तारला खजूर खाल्ला की लगेच तरतरी येते, ती त्यातल्या साखरेची. लोह त्यात थोडेच असते. खजूर आणि गूळ यांच्या भरवशावर आठ-नऊचे हिमोग्लोबिन बारावर जात नाही. त्यासाठी गोळीच लागते. ती दूध-चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घ्यावी. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. आकडा सुधारला तरी डॉक्टर सांगतील तितके महिने ती चालू ठेवावी. आणि रक्त का कमी झाले, हे शोधलेच पाहिजे. पाळीचा त्रास, जंत, थायरॉइड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता, मनाचे ओझे. थकवा यांपैकी कशाचाही असू शकतो.

सुया घ्यायच्याच असतील तर सुई पाकीट फोडून नवी वापरली जाते ना, हे डोळ्यांनी पाहा. गरोदर असाल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. उपाशीपोटी सुई टोचली की काहींना भोवळ येते, म्हणून रमजानमध्ये दुपारची वेळ घेऊ नये. चालू औषध बंद करा, असे जो म्हणेल त्याच्याकडून उठून या.

शाळेत आम्ही मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो. निम्म्या मुली ती तोंडात धरून मागच्या दाराने थुंकतात, हे मला माहीत होते आणि मी दुर्लक्ष करत होते. आता मी माझी गोळी त्यांच्यासमोर घेते. माझी स्वतःची दहावीतली मुलगी ९.८ निघाली होती. जाऊ आणि मी दोघी तिला घेऊन दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. मागच्या खेपेला मुलगी ११.४, मी ११.९ आणि जाऊ १०.७. येताना जिंतूरच्या बाजारातून पाव किलो कलेजी घेतली आणि त्या रात्री आम्ही तिघी आधी जेवलो. मुलांचे अब्बू दारात उभे राहून म्हणाले, "आमच्यासाठी काही ठेवलंय का?" जाऊ म्हणाली, "शोरबा आहे, भाईजान."