न काढता येणारा माणूस

२१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. टीव्हीवर दोन-चार दिवस जी भांडणं झाली, ती तीनशेच्या आकड्यावरून. कामगार कपातीसाठी आधी शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला सरकारची परवानगी लागायची, आता ती मर्यादा तीनशेवर गेली. मला मात्र या संहितांमधला दुसरा, कुणी फारसा न उच्चारलेला आकडा टोचला. देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार महिन्याला अठरा हजारांच्या वर गेला, की कायद्याच्या लेखी तो 'कामगार' राहत नाही. तत्त्व जुनंच आहे. आधीचा आकडा दहा हजार होता, आणि मी बँकेत अधिकारी झाले तेव्हा सोळाशे. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला चार माणसं सांभाळायला देतात, त्याच दिवशी त्या माणसांच्या डोक्यावरचं छप्पर तुमच्या डोक्यावरून काढून घेतात.

हे सगळं आठवायचं कारण घरातलं. माझी भाची हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत यंदा टीम लीड झाली. हाताखालच्या मुलांपैकी एक जण ऐकत नाही. मीटिंगला येतो, मान हलवतो आणि काम मात्र वेळेवर देत नाही. एचआरने तिच्याकडे फॉर्म पाठवला: साठ दिवसांचा 'पीआयपी', म्हणजे कामगिरी सुधारण्याचा आराखडा, दर आठवड्याला एक नोंद, शेवटी दोघांच्या सह्या. "सुधारेल का गं तो?" मी विचारलं. "मावशी, तो सुधारावा म्हणून नसतंच ते," ती म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता. बिचारीला कुणी दुसरं काही शिकवलेलंच नाही.

आम्हाला तरी कुणी शिकवलं होतं? पण आम्हाला शिकावं लागलं, कारण माणूस काढायची सोयच नव्हती.

माझी सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. १९६९मध्ये चौदा आणि १९८०मध्ये सहा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, खेडोपाडी शाखा निघाल्या, भरती झाली, त्या लाटेत मीही कारकून म्हणून लागले. टोकन द्या, व्हाउचर लिहा, पासबुक भरा. कंटाळवाणी, सुरक्षित नोकरी. मुंबईत १९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि बघता बघता गिरणगाव उजाड झालं, तेव्हा आम्ही बँकवाले वर्गणी देऊन पुन्हा आपापल्या काउंटरवर बसलो. आपली नोकरी कुणी हलवू शकत नाही, याची इतकी खात्री दुसऱ्या कुणाला क्वचितच असेल.

खरी गोष्ट सुरू होते ती १९८६पासून. प्रमोशन मिळालं आणि सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी म्हणून गेले. त्याआधी ट्रेनिंग कॉलेजात कर्जाचे अर्ज, हुंड्या, परकीय चलन असं सगळं घोटवून घेतलं होतं. हाताखालचा माणूस समोर बसून नाही म्हणाला तर काय करायचं, यावर एक तास नव्हता. काही वर्षांनी तो तास आला तेव्हा एक पाहुणे वक्ते फळ्यावर तीन वर्तुळं काढून आमच्यातला पालक, प्रौढ आणि बालक समजावून गेले. टाळ्या वाजल्या. चहा चांगला होता.

आमच्या शाखेत सेव्हिंग्जच्या लेजरवर एक ज्येष्ठ कारकून होते. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. त्यांना पूर्वी प्रमोशन मिळत होतं, पण बदली नको म्हणून त्यांनी नाकारलं होतं. तेव्हा ही पद्धतच होती. ज्याला काम उत्तम येतं तो घर, शेत, मुलांची शाळा बघून कारकूनच राहायचा आणि त्याच्या डोक्यावर कालची पोर अधिकारी म्हणून येऊन बसायची. शाखेतले निम्मे तंटे या एका रचनेतून जन्मले. वरिष्ठ कार्यालयातल्या कुणी त्याचा विचार केल्याचं मला कधी दिसलं नाही.

हे गृहस्थ भांडत नसत. आवाजही चढवत नसत. काही सांगितलं की "सर्क्युलर दाखवा मॅडम" म्हणत. साडेसहा तासांची ड्यूटी संपली की पेनाला टोपण लावून उठत, मग रांगेत कुणी का असेना. आणि लेजरची जुळवणी करत नसत. ज्यांनी फक्त संगणकावरची बँक पाहिली त्यांना हे कळायला जरा सांगावं लागेल. प्रत्येक लेजरमधल्या शेकडो खात्यांच्या शिल्लक रकमांची बेरीज महिन्याच्या महिन्याला जनरल लेजरशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर फरक शोधायचा. त्यातच व्याज. तेव्हा सेव्हिंग्जवर पाच टक्के व्याज होतं आणि ते महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळे. म्हणजे प्रत्येक खात्याच्या पानावर दर महिन्याची किमान शिल्लक हाताने काढून ठेवायची, त्याला आम्ही 'प्रॉडक्ट काढणं' म्हणायचो. जून आणि डिसेंबरच्या क्लोजिंगला त्यावर व्याज लावायचं. एका माणसाने प्रॉडक्ट काढले नाहीत, तर अख्खी शाखा रात्री दहापर्यंत अडकते. तो माणूस मात्र पाचला घरी गेलेला असतो.

मी आधी मॅनेजरसाहेबांकडे गेले. त्यांची पुण्याची बदली तोंडावर होती. "सांभाळून घ्या, माणूस जुना आहे," एवढं बोलून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. असे मॅनेजर मी नंतरही पुष्कळ पाहिले. शाखेतलं गळू फुटू नये, फुटलंच तर आपली बदली झाल्यावर फुटावं, ही त्यांची सगळी व्यवस्थापनकला. आणि वरच्या कार्यालयाची कला याहून वरची: अशा माणसाला डेप्युटेशनवर दुसऱ्या शाखेत पाठवायचं आणि तिथला तसाच माणूस इकडे आणायचा.

मग मेमो. कागदावर आमचे हात बळकट होते. बँका आणि युनियन यांच्यातल्या १९ ऑक्टोबर १९६६च्या पहिल्या द्विपक्षीय करारात शिस्तभंगाचं एक सबंध प्रकरण आहे. हेतुपुरस्सर आज्ञाभंग हा त्यात गंभीर गैरवर्तनात येतो, कामातली हयगय किरकोळ गैरवर्तनात. आरोपपत्र, चौकशी अधिकारी, बचावाला युनियनचा प्रतिनिधी, अपील, आणि शेवटी झालंच तर औद्योगिक न्यायाधिकरण. त्या गृहस्थांनी मेमो वाचला, घडी घातली आणि टेबलावर परत ठेवला. स्वीकारायला नकार दिला असा शेरा लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, तर शिपाई म्हणाला, "बाई, मला याच गावात राहायचंय."

मेमोचा एकच परिणाम झाला. चौथ्या दिवशी युनियनचे सेक्रेटरी आले.

इथे जुना हिशोब चुकता करते. आमच्या युनियनांनी बँक कर्मचाऱ्याला माणसात आणलं, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पण त्याच युनियनांनी कामचोराच्या पाठीवर जितका हात ठेवला, तितका काम करणाऱ्याच्या पाठीवर क्वचित ठेवला. लाल झेंडा असो की भगवा, मोर्चात फरक असेल, या बाबतीत नव्हता. ते सेक्रेटरी मात्र मॅनेजरपेक्षा शहाणे निघाले. केबिनमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी मला अर्धा तास झापलं. बाहेर पडताना हळूच विचारलं, "जूनच्या क्लोजिंगला रात्री कोण कोण थांबलं होतं?" मी नावं सांगितली. सगळे त्यांचेच सभासद होते.

तिथे मला या कामाची किल्ली सापडली. असहकार करणाऱ्याचं ओझं साहेबावर पडत नाही, ते शेजारच्या काउंटरवर पडतं. साहेब बोंब मारतो म्हणून सगळ्यांना वाटतं भांडण त्या दोघांचं आहे. ते शेजाऱ्याचं आहे हे शेजाऱ्याला दिसलं, की अर्धं काम होतं.

मी ऑफिस ऑर्डरचं बुक काढलं. कामांची फिरती ही बँकेची जुनीच शिस्त, घोटाळे टळावेत म्हणून. आमच्या शाखेत ती नावापुरती होती. मी सगळ्यांची कामं तिमाहीला बदलायचा तक्ता लावला, त्या ज्येष्ठ कारकुनाचं एकट्याचं नाव कुठेही वेगळं न काढता. त्यात एक ओळ घातली: चार्ज देणाऱ्याने लेजर जुळवून द्यायचं आणि घेणाऱ्याने तपासून सही करायची. पहिल्या फेरीला त्यांची लेजरं घ्यायला जी मुलगी आली, तिने शांतपणे सांगितलं, "काका, न जुळलेलं मी घेणार नाही." मला "सर्क्युलर दाखवा" म्हणणं सोपं होतं. तिला काय म्हणणार? तिच्या बाजूला उरलेली सगळी शाखा उभी होती, आणि युनियनही.

मग त्यांनी जुळवलं. महिनोन्महिने थकलेलं काम त्यांनी ज्या वेगाने संपवलं, ते बघून मला संतापच आला. फरकाला नऊने भाग जातोय का आधी बघायचे. जात असला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, चोपन्नचे पंचेचाळीस झालेत. दोनाने भाग जात असला तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, ती नोंद नावेऐवजी जमेच्या बाजूला गेलेली असण्याचा संभव. ट्रेनिंग कॉलेजात न शिकवलेलं हे सगळं त्या माणसाच्या बोटांत होतं. मी त्यांना विचारलं, "साहेब, नव्या मुलांना दाखवाल का?" त्यांनी दाखवलं. माझ्याशी मात्र ते निवृत्त होईपर्यंत कामापुरतंच बोलले. एकदाही हसले नाहीत. त्यांचा स्वभाव बदलला नाही आणि तो बदलणं माझं कामही नव्हतं. लेजर जुळत होतं.

त्या दशकाचं मला अप्रूप वाटतं ते या घासाघाशीसाठी. काढता येत नाही म्हटल्यावर माणसाकडे बघावं लागायचं: याचं घोडं कुठे अडलंय, याला कोण विचारतं, याला काय येतं. १९९५पर्यंत मी तीन शाखांत हेच केलं. कधी साधलं, कधी नाही. एका ठिकाणी रीतसर चौकशीही चालवली आणि शिक्षा झाली, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पुढचं भराभर. २९ ऑक्टोबर १९९३ला पेन्शनचा करार झाला आणि संगणकीकरणाची वाटही त्याच वेळी मोकळी झाली. लेजरं गेली, कोअर बँकिंग आलं, जुळवणी यंत्र करू लागलं. २०००-०१मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली: पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय झालं असलं की अर्ज करा. सरकारी बँकांतून एक लाखाहून जास्त माणसं गेली. हुशार, बाहेर कुठेही पोट भरू शकतील अशी आधी गेली. न ऐकणारे मजेत राहिले. माणसांचा प्रश्न पैसे टाकून सोडवायला गेलं की हेच होतं. १ एप्रिल २०२०ला दहा बँकांच्या चार झाल्या, तेव्हा मी घरी बसून बातम्या बघत होते.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. त्या मुलाचं राहिलेलं काम कोण करतंय ते शोध, कामं फिरव, एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दोघांच्या सह्या घे. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मावशी, मला हे जमेलही. पण माझ्या अप्रेझलमध्ये याला रकाना नाही. फॉर्म वेळेत भरला की नाही, याला आहे."

तिच्या पगाराने अठरा हजारांची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. त्या मुलावरचा फॉर्म भरणारी ती, आणि उद्या तिच्यावरचा भरणारं कुणीतरी तयारच असेल. म्हणून कंपन्यांना माझं एवढंच मागणं आहे: नव्या लीडच्या अप्रेझलमध्ये एक रकाना वाढवा. किती जणांना घालवलं ते एचआरला माहीत असतंच. न ऐकणाऱ्या किती जणांकडून काम करून घेतलं, ते लिहायला लावा. पहिल्या वर्षी बहुतेकांचा तो कोरा राहील. राहू दे. कोरा रकाना वरच्या साहेबाच्या नजरेला पडला, की ट्रेनिंगचा तो तास वेळापत्रकात आपोआप येईल. फक्त त्या तासाला फळ्यावर वर्तुळं काढणारा वक्ता आणू नका. एखाद्या निवृत्त हेड क्लार्कला बोलवा.